साथीच्या दिवसांतील लोकसाहाय्य

मुंबईच्या आर्थर रोडवरील सांसर्गिक रोगांच्या रुग्णालयावर २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला, तेव्हा मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, निदान करून पुरते दीड महिनाही लोटलेला नव्हता. चालून आलेली माणसे स्वभावाने दुष्ट होती असे मानण्यास काहीच आधार नाही; आपल्या चाळीतून उचलून नेलेला मनुष्य एकदा आत गेला की त्याचे तोंड पुन्हा दृष्टीस पडत नाही, त्याच्या जातिधर्माचा विधिनिषेध तेथे पाळला जात नाही, आणि त्याचे तेथे नक्की काय होते हे सांगणारा विश्वासाचा मनुष्य कोणी नाही, या भीतीने ती पेटलेली होती. पुढच्या वर्षी पुण्यात रँड यांच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सोजिरांकरवी घरांच्या झडत्या घेण्याचा जो सपाटा लावला, त्याचा परिणाम असा झाला की लोक आपले रोगी माळ्यावर आणि कोठीत लपवू लागले, मृत्यूची इत्तला देईनासे झाले, आणि ज्या थोड्या वैद्यांच्या व परिचारकांच्या हाती त्या रोग्यांचे प्राण होते, त्यांच्यापर्यंत रोगी पोहोचेपर्यंत बहुधा करण्यासारखे काही उरत नसे.

परंतु त्याच दोन वर्षांत याच्या अगदी उलट प्रकारचेही दाखले आढळतात. मुंबईत निरनिराळ्या समाजांनी स्वतःच्या खर्चाने प्लेगची रुग्णालये उभारली, आपापल्या वस्तीतील प्रतिष्ठित माणसे तपासणी पथकांबरोबर हिंडू लागली, आणि जेथे असे झाले तेथे बंद दारे पुष्कळ सुलभतेने उघडली. पुण्यात टिळकांनी शहर न सोडता हिंदू प्लेग रुग्णालयाच्या उभारणीत लक्ष घातले. सावित्रीबाई फुले यांनी आपल्या डॉक्टर मुलाला, यशवंताला, बोलावून घेऊन हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात दवाखाना चालविला, तेथे रोगी स्वतः आणून पोहोचविले, आणि त्याच सेवेत प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. या दोन्ही प्रकारच्या घटना शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे ध्यानात येते की साथीच्या काळात वैद्यकीय सेवकांचे बळ केवळ त्यांच्या संख्येवर, औषधांवर व उपकरणांवर अवलंबून नसते. भोवतालचा समाज कसा वागतो यावर तेच बळ दुप्पट होते किंवा निम्म्यावर येते. म्हणून लोकांनी द्यावयाच्या साहाय्याची कसोटी मला एकच वाटते, ती ही की, त्या साहाय्यामुळे सेवकाच्या दिवसभराच्या कामातून किती काम खरोखर कमी झाले.

या कसोटीवर २०२० व २०२१ या दोन वर्षांतील कोविडच्या साथीचा अनुभव तपासून पाहणे उपयुक्त आहे, कारण तो अद्याप आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. २२ मार्च २०२० च्या सायंकाळी पाच वाजता देशभर गॅलऱ्यांतून आणि गच्च्यांवरून टाळ्या व थाळ्या वाजल्या, त्यामागील कृतज्ञता पुष्कळांच्या मनात अकृत्रिम होती याविषयी मला शंका नाही. तथापि त्याच सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील निवासी डॉक्टरांना सरकारकडे लेखी गाऱ्हाणे घालावे लागले की घरमालक डॉक्टरांना व परिचारिकांना खोल्या खाली करावयास सांगत आहेत. एप्रिलच्या आरंभी इंदूरच्या टाटपट्टी बाखल या वस्तीत तपासणीस गेलेल्या पथकावर दगडफेक झाली. त्या पथकातील दोन महिला डॉक्टर लगेच पुन्हा कामावर रुजू झाल्या, ही गोष्टही त्या दगडफेकीबरोबरच सांगितली गेली पाहिजे. चेन्नईत तर कोविडने मृत्यू पावलेल्या एका मज्जाशल्यविशारदाचे दफन जमावाने होऊ दिले नाही, शववाहिकेवर हल्ला केला, आणि अखेर त्यांच्या सहकारी डॉक्टराने रात्री स्वतःच्या हातांनी माती लोटून ते उरकले. २२ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून १८९७ च्या साथरोग अधिनियमात दुरुस्ती केली आणि आरोग्यसेवकांवरील हल्ल्यास तीन महिने ते पाच वर्षे, व गंभीर दुखापत केल्यास सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद केली. महाराष्ट्रात याच प्रकारचा, तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड सांगणारा कायदा २०१० पासूनच अमलात होता.

कायदा गुन्हा घडल्यानंतर येतो. रात्रपाळी संपवून सकाळी घरी परतणाऱ्या परिचारिकेला जिन्यात कोणी अडवू नये, याची तजवीज मात्र शेजाऱ्यांनाच करावी लागते. गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाने साथीच्या पहिल्या आठवड्यातच फलकावर स्वच्छ शब्दांत लिहून लावावे की आपल्या इमारतीत राहणाऱ्या आरोग्यसेवकांना उद्वाहन, पाणी, दूध व घरकामाची मदत यांपैकी कोणत्याही गोष्टीस मज्जाव करता येणार नाही. आणि एखाद्या सभासदाची हरकत असेल तर ती त्या सेवकाच्या दारात न बोलता कार्यकारिणीकडे यावी. इतके केले तरी अर्धा त्रास वाचतो. आपल्या महानगरांतील रुग्णालयांत केरळ, मणिपूर व इतर दूरच्या प्रांतांतून आलेल्या कितीतरी परिचारिका भाड्याच्या खोल्यांत राहतात; त्यांच्या पाठीशी नात्यागोत्याचे कोणी नसते, आणि मे २०२० मध्ये कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतून मणिपूरच्या शेकडो परिचारिका नोकऱ्या सोडून गावी परतल्या, तेव्हा त्यांच्यामागे राहिलेले रिकामे कक्ष पैशाने भरून निघणे शक्य नव्हते. ज्याच्यापाशी रिकामी सदनिका, वसतिगृह किंवा मंगल कार्यालय आहे, त्याने ते रुग्णालयाच्या जवळ असल्यास राहण्यास देऊ करावे. मुंबईत ताज समूहाने आपल्या हॉटेलांतील खोल्या महापालिकेच्या डॉक्टरांसाठी उघडल्या, याचे मोल वैभवापेक्षा अंतरात होते. कारण घरातील वृद्ध मातापित्यांना लागण होईल या धास्तीने जो मनुष्य घरी जाऊ शकत नाही, त्याला झोपण्यासाठी जवळची, स्वतंत्र आणि स्नानाची सोय असलेली जागा मिळणे हाच मोठा आधार असतो.

आता मी ज्या सेवकवर्गाविषयी सर्वांत अधिक विस्ताराने लिहू इच्छितो, तो रुग्णालयाच्या भिंतींच्या बाहेर काम करतो. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने २००५ साली ‘आशा’ ही योजना आणली, तिच्या मूळ कल्पनेप्रमाणे साधारण हजार लोकवस्तीमागे एक स्वयंसेविका असावी आणि ती त्याच गावची रहिवासी स्त्री असावी असे ठरले. महाराष्ट्रात अशा सुमारे सत्तर हजार स्त्रिया आहेत. त्यांना वेतन नाही, मानधन आहे, आणि तेही बऱ्याच अंशी केलेल्या कामांच्या मोजणीवर ठरते. गरोदर स्त्रीची नोंद, बाळाचे लसीकरण, क्षयरोग्याच्या गोळ्या अशी नेमून दिलेली कामे चालू असतानाच साथ आली आणि घरोघरच्या पाहणीचा भार त्यांच्यावर पडला. १५ सप्टेंबर २०२० रोजी सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत एक आरोग्य कर्मचारी व दोन स्वयंसेवक अशा पथकाने दररोज पन्नास घरांना भेट द्यावी, प्रत्येकाचे तापमान व रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजावे, मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार यांची चौकशी करावी, आणि संशयित रुग्णास ताप उपचार केंद्रात पाठवावे, अशी योजना होती.

पन्नास घरांचा हिशोब करून पाहावा. प्रत्येक दारात पाच मिनिटे अकारण खोळंबा झाला, म्हणजे कुत्रे बांधलेले नाही, घरातील माणसांची वये कोणाला नीट ठाऊक नाहीत, औषधांच्या चिठ्ठ्या सापडत नाहीत, कर्ता पुरुष आतूनच उर्मट प्रश्न विचारत आहे, तर दिवसाकाठी अडीचशे मिनिटे, म्हणजे चार तासांहून अधिक वेळ वाया गेला; आणि हा वेळ ती स्त्री आपल्या घरच्या स्वयंपाकातून, मुलांच्या अभ्यासातून व स्वतःच्या झोपेतून काढून देत असते. उलट, घरातील प्रत्येकाचे नाव, वय, जुने आजार, चालू औषधे आणि गेल्या पंधरवड्यातील प्रवास एका कागदावर लिहून दाराशी ठेवला, सर्वजण मुखपट्टी लावून ओसरीवर किंवा अंगणात येऊन उभे राहिले, तर तेच काम तीन-चार मिनिटांत निर्वेधपणे पार पडते. मला वाटते, ज्या कुटुंबापाशी दान करण्यास एक पैसाही नाही, त्याही कुटुंबाला करता येण्याजोगे हे सर्वांत मोठे साहाय्य आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट खरे बोलण्याची. ताप आला असता तो गोळी घेऊन उतरवायचा आणि आशाताई दारात आल्या की ‘सगळे बरे आहेत’ म्हणून त्यांना वाटेला लावायचे, हा प्रकार २०२० साली खेड्यांत आणि शहरांत सारखाच आढळला. विलगीकरण कक्षात नेतील, गावात बभ्रा होईल, दुकान बंद पडेल, ही भीती १८९७ च्या भीतीची सख्खी वारसदार होती. परंतु कोविडमध्ये दम लागल्याची जाणीव नसतानाही रक्तातील प्राणवायू उतरलेला असू शकत असे, आणि पहिल्या आठवड्यात लपविलेला तो रुग्ण दुसऱ्या आठवड्यात अत्यवस्थ होऊन येई. सौम्य अवस्थेत ज्याला घरीच विश्रांती व थोडी देखरेख पुरली असती, त्याला आता अतिदक्षता विभागातील खाट, प्राणवायूचा मोठा प्रवाह आणि अहोरात्र एक परिचारिका लागे. म्हणून गावातील सरपंच, शिक्षक, देवळाचे पुजारी, मशिदीचे मौलवी, बचत गटाच्या प्रमुख बाई यांपैकी ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याने आशांबरोबर पहिल्या फेरीला चार घरे हिंडावे, आणि विलगीकरणात गेलेल्या माणसाच्या घरी शिधा, दळण व गुरांचा चारा पोहोचविण्याची हमी पंचायतीने आधीच जाहीर करावी. ज्याची म्हैस दोन आठवडे उपाशी राहणार आहे तो मनुष्य आजार कबूल करणार नाही. धारावीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण सापडल्यानंतर तेथील खासगी डॉक्टर महापालिकेच्या पथकांबरोबर तपासणीसाठी गल्लोगल्ली हिंडले. ज्या डॉक्टराकडे आपण वर्षानुवर्षे तापाखोकल्यासाठी जात आलो तोच दाराशी उभा आहे, हे पाहून लोक बोलते झाले, आणि दोन-अडीच चौरस किलोमीटरांत लाखो माणसे दाटलेल्या त्या वस्तीत साथ आटोक्यात येण्यास या विश्वासाचा मोठाच हातभार लागला.

रुग्णालयांना वस्तुरूपाने मदत करणाऱ्यांची संख्या अशा काळात कमी नसते; उणीव असते ती विचारपूस करण्याची. मार्च २०२० मध्ये मुखपट्ट्या व जंतुनाशक द्रव यांचा एवढा तुटवडा पडला की केंद्र सरकारने १३ मार्च रोजी त्यांचा समावेश जीवनावश्यक वस्तूंत केला. त्या वेळी ज्या सामान्य नागरिकांनी भीतीपोटी एन-९५ मुखपट्ट्यांचे खोके घरात साठविले, त्यांनी नकळत त्या मुखपट्ट्या अतिदक्षता विभागातील सेवकांच्या तोंडावरून काढून घेतल्या. बाजारात फिरणाऱ्या माणसाचे काम तेव्हा घरी शिवलेल्या दुहेरी-तिहेरी कापडी मुखपट्टीनेही बऱ्यापैकी भागत होते. दुसरीकडे, सद्भावनेने शिवलेले संरक्षक पोशाख पुष्कळ ठिकाणी पडून राहिले, कारण अशा पोशाखाचे कापड रक्त व द्रव आत झिरपू न देणारे लागते, त्याच्या शिवणींवर पट्टी चिकटवावी लागते, आणि कोइमतूरच्या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी त्याची परीक्षा व्हावी लागते. म्हणून खरेदीपूर्वी रुग्णालयाच्या भांडारपालाला किंवा अधिसेविकेला एक फोन करावा, कोणती वस्तू, कोणत्या मापाची व किती हवी ते लिहून घ्यावे, आणि तेवढीच पोहोचवावी. पुष्कळदा त्यांची मागणी अगदी साधी असते. तो बंदिस्त पोशाख एकदा चढविला की सहा-सहा तास पाणी पिता येत नाही व शौचास जाता येत नाही. पाळी संपवून बाहेर पडणाऱ्याला थंड पाणी, लिंबू सरबत, कोरडे सुती कपडे, स्वच्छ पंचा आणि ताजे जेवण यांची गरज असते. जेवणसुद्धा तीनही पाळ्यांच्या वेळा विचारून पाठवावे; दुपारी एका वेळी पाचशे डबे येऊन अर्धे फुकट जावेत आणि रात्री दोन वाजता कक्षातील मामा-मावशींना बिस्किटांवर भागवावे लागावे, हे दानधर्मातील अव्यवस्थेचे फळ आहे. हा डबा डॉक्टरांबरोबरच कक्ष सेवक, आया, सफाई कामगार, रुग्णवाहिकेचा चालक आणि स्मशानभूमीतील कर्मचारी यांच्यापर्यंत पोहोचतो की नाही, याची चौकशीही देणाऱ्याने करावी.

रक्तदानाची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे, कारण साथ आली म्हणून थॅलसेमियाच्या मुलांची, बाळंतिणींची व अपघातग्रस्तांची गरज थांबत नाही, आणि शिबिरे मात्र थांबतात. रक्तातील तांबड्या पेशी फार तर ३५ ते ४२ दिवस टिकतात, बिंबिका तर पाचच दिवस. म्हणजे उत्साहाच्या भरात एकाच रविवारी हजार लोकांनी रक्त दिले तर महिन्या-दीड महिन्याने पुन्हा चणचण भासते. पुरुषाला तीन व स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते, हे ध्यानात घेऊन मंडळांनी व कचेऱ्यांनी रक्तपेढीशी बोलून पाळ्या लावून घ्याव्यात. २०२० च्या गणेशोत्सवात लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्तीची प्रतिष्ठापना न करता ‘आरोग्योत्सव’ भरविला आणि रक्तदान व रक्तद्रवदानाची (प्लाझ्मादानाची) शिबिरे घेतली. दशकानुदशके चालत आलेली प्रथा एका वर्षापुरती बाजूला ठेवण्याचे ते धैर्य मला अतिशय मोलाचे वाटते. पुढे मे २०२१ मध्ये कोविडवरील रक्तद्रवाचा उपचार फलदायी नसल्याचे सिद्ध होऊन तो राष्ट्रीय उपचारसंहितेतून वगळला गेला, तेव्हा दात्यांनीही आपला आग्रह सोडून द्यायला हवा होता. परंतु कित्येक आप्त त्यानंतरही डॉक्टरांपाशी त्याचाच हट्ट धरीत राहिले.

नातलगांचा हट्ट हा सेवकांवरील एक अदृश्य भार आहे आणि एप्रिल २०२१ मध्ये तो परमावधीला पोहोचला. रेमडेसिव्हिरसाठी औषधांच्या दुकानांपुढे रात्रंदिवस रांगा लागल्या. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच तत्कालीन पुराव्यावरून रुग्णालयातील रुग्णांना ते सरसकट देऊ नये अशी शिफारस केली होती. मनुष्य मरणाच्या दारात असता आप्तांनी शांतपणे पुरावे वाचावेत अशी अपेक्षा मी करणार नाही. पण एवढे करता येते की घरातील एकाच समंजस व्यक्तीने डॉक्टरांशी बोलावे, ठरलेल्या वेळी बोलावे, ऐकलेले लिहून घ्यावे आणि उरलेल्या नातलगांना तिनेच कळवावे. नाहीतर एका रुग्णामागे आठ दूरध्वनी येतात आणि चाळीस रुग्णांच्या कक्षातील एकमेव सिस्टर सलाईनजवळ असण्याऐवजी दूरध्वनीजवळ उभी राहते. खाटेची जरूर असेल तर ती ज्या यंत्रणेमार्फत मिळते तिच्याकडेच मागावी. मुंबईत चोवीस विभागांच्या नियंत्रण कक्षांतून खाटांचे वाटप होत असे. एकाच रुग्णासाठी दहा ठिकाणी वशिला लावला की दहा माणसे त्याच कामात गुंततात आणि ज्याला वशिला नाही तो मागे पडतो.

घरात विलगीकरण चालू असेल तर त्या खोलीतील कचरा वेगळ्या पिशवीत बांधून घंटागाडीवरील माणसाला तसे सांगून द्यावा. इतर घरांनीही वापरलेल्या मुखपट्ट्या कागदी पिशवीत ७२ तास ठेवून, कापून, मगच सुक्या कचऱ्यात टाकाव्यात, अशी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची सूचना होती. प्रवासाच्या बाबतीतही असेच. १५ जून २०२० पासून मुंबईच्या लोकलगाड्या केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाल्या, तेव्हा खोटी ओळखपत्रे करून त्यांत शिरणाऱ्यांनी विरार-पनवेलहून येणाऱ्या परिचारिकांच्या वाट्याची मोकळी जागा हिरावून घेतली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्यसेवक कोविडने मृत्यू पावले. आपल्या केंद्र सरकारने मार्च २०२० च्या अखेरीस त्यांच्यासाठी ५० लाख रुपयांच्या विम्याची योजना जाहीर केली आणि तिच्यात आशांचा व कंत्राटी कर्मचाऱ्यांचाही समावेश केला, हे उचितच झाले; परंतु दाव्यासाठी मृत व्यक्ती कोविडच्या कामावर नेमलेली होती असा संस्थेचा दाखला, प्रयोगशाळेचा अहवाल, वारसाचे पुरावे असे कागद लागतात, आणि खासगी दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरांच्या वारसांना तर न्यायालयाची पायरी चढावी लागली. दुःखात बुडालेल्या कुटुंबासाठी हे दफ्तरी काम करून देणारा एखादा निवृत्त तलाठी, शिक्षक किंवा वकील फार मोठी सेवा करू शकतो. तीच गोष्ट मानधनाची. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशांना संप करावा लागला, आणि त्यानंतर जुलैपासून त्यांच्या मानधनात दरमहा एक हजार रुपयांची वाढ व पाचशे रुपयांचा कोविड भत्ता मान्य झाला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. तो होण्याआधी व झाल्यानंतरही मानधन थकल्याच्या तक्रारी ठिकठिकाणी येतच होत्या. आपल्या गावच्या आशाताईंचे गेल्या तिमाहीचे पैसे जमा झाले की नाहीत, उपकेंद्रातील आरोग्यसेविकेचे पद किती दिवस रिकामे आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात हातमोजे व प्राणवायूची नळकांडी किती शिल्लक आहेत, हे प्रश्न २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, साथ नसतानाच, कोणत्याही मतदाराने उठून विचारावेत, आणि त्यांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत.